काळ्या जमिनीत संत्र्याची बाग: दोन झाडांतलं अंतर ठरवायचं कसं आणि आखायचं कसं

इंदुरात राहून आगर, शाजापूर, देवास किंवा निमाडाकडच्या वडिलोपार्जित जमिनीत संत्रा लावू पाहणाऱ्या मराठी कुटुंबांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सहा बाय सहा मीटर ठेवू की सहा बाय तीन?" हा प्रश्न येतो तोवर बहुतेकांनी रोपवाटिकेत कलमांचे आगाऊ पैसे भरलेले असतात. झाडांची संख्या आधीच ठरलेली असते आणि ती जमिनीत बसवायची तेवढी राहिलेली असतात. सगळा घोळ इथे होतो. अंतर ठरतं ते मातीची खोली, निचरा, खुंट (ज्या रोपावर कलम बांधलेलं असतं ते) आणि बागेत फिरणारं यंत्र यांवरून. कलमं किती लागतील, हे त्यानंतर आपोआप निघतं.

ही चूक लगेच दिसतही नाही. पहिली चार-पाच वर्षं प्रत्येक बाग मोकळीच वाटते. सातव्या-आठव्या वर्षी फांद्या एकमेकांत शिरतात, खालच्या फांद्यांवर फळ धरेनासं होतं, पावसाळ्यात बुंध्यातून डिंक यायला लागतो, पानांवर कोळशी (काळी बुरशी) चढते. तेव्हा अंतर बदलायचं म्हणजे झाडं तोडायची.

म्हणून पुढचे टप्पे याच क्रमानं करा. जानेवारी-फेब्रुवारीत सुरुवात केली तर पावसाळ्यातल्या लागवडीपर्यंत हातात पुरेसा वेळ राहतो.

टप्पा 1: खड्डा खणून माती बघा

शेताच्या उंच भागात एक आणि सखल भागात एक, असे निदान दोन खड्डे 1 मीटर खोल खणा. खड्ड्यात उतरून उभी भिंत खुरप्यानं थोडी खरवडा. आधीच्या पिकाची मुळं किती खोलवर गेली आहेत आणि कुठे अचानक थांबली आहेत, ते बघा. पांढरे चुनखडीचे खडे कितव्या फुटापासून दिसतात, मुरूम कुठे लागतो, ओल्या चिकणमातीचे ढेकूळ फोडल्यावर आतला पृष्ठभाग गुळगुळीत, चकाकणारा निघतो का, तेही बघा. असा चकाकणारा थर लागला तर ती माती पाण्यानं फुगते आणि उन्हात आकसते. तिथे निचऱ्याची सोय केल्याशिवाय संत्रा लावू नये.

मग खड्डा पाण्यानं भरा आणि मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा आणि चोवीस तासांनी बघा. पाणी बरंचसं उतरलं असेल तर ठीक. जेमतेम दोन-चार बोटं उतरलं असेल, तर सपाट रानात लागवड करायची नाही, गादीवाफे (ओळीच्या जागी उंच उचललेले वाफे) करायचे.

मातीचा नमुना फक्त वरच्या थराचा देऊ नका. ही सर्रास होणारी चूक आहे. 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटीमीटर असे तीन वेगळे नमुने द्या आणि सामू (pH), क्षारता यांच्यासोबत मुक्त चुना तपासून मागा. वरची माती उत्तम आणि खाली भरपूर चुना, असं माळव्यात जागोजाग आढळतं. मुक्त चुना 10 टक्क्यांच्या वर निघाला तर तेवढा तुकडा संत्र्यातून वगळा. तिथे लोहाची कमतरता येऊन पानं पिवळी पडत राहतात. अंतर वाढवून त्यावर इलाज होत नाही.

> तपासा: उंच आणि सखल भागातले खड्डे फार वेगळे निघाले तर शेताचे दोन भाग धरा. एकाच शेतात दोन वेगळी अंतरं ठेवायला काहीच हरकत नाही.

टप्पा 2: आधी पाण्याची वाट, मग ओळींची दिशा

माळव्यातला पाऊस जुलै-ऑगस्टमध्ये एकदमच कोसळतो आणि काळी माती फुगली की पाणी खाली जाणं जवळपास थांबतं. मुळांभोवती पाणी साचलं की मातीतली फायटोफ्थोरा बुरशी जोर धरते. तिचे बीजाणू पाण्यातून पोहत बारीक मुळांपर्यंत पोचतात. मुळं सडतात आणि बुंध्याला डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो. झाडं दाट असली तर खाली ऊन पोचत नाही, वारा फिरत नाही, आणि पाऊस उघडल्यावरही माती ओलीच राहते. काळ्या जमिनीत अंतराचा सगळ्यात मोठा परिणाम हाच आहे. उत्पन्नाचं गणित त्याच्यानंतर येतं.

म्हणून शेताचा उतार आधी काढा. पाण्याची नळी किंवा लेव्हल यंत्र वापरा. नुसत्या नजरेवर जाऊ नका. पाणी शेताबाहेर कुठे जाणार ते ठरवा, तिथपर्यंत मुख्य चर काढा आणि मग त्या चराकडे हलका उतार राहील अशा बेतानं ओळी धरा. शेजाऱ्याच्या शेतात पाणी सोडायचं असेल तर आधी बोलून घ्या. हा वाद पावसाळ्यात निघाला तर मिटत नाही.

प्रकाशासाठी ओळी उत्तर-दक्षिण चांगल्या, कारण सकाळ-संध्याकाळ दोन्ही बाजूंना ऊन मिळतं. पण निचरा आणि दिशा यांत ओढाताण झाली तर मी डोळे झाकून निचऱ्याच्या बाजूनं कौल देतो.

गादीवाफा करायचा असेल तर ओळीच्या जागी वरची रुंदी अडीच ते तीन मीटर आणि उंची 45 ते 60 सेंटीमीटर ठेवा. माती बसल्यावर ही उंची कमी होते, म्हणून वाफे उन्हाळ्यातच करा आणि पहिले पाऊस अंगावर घेऊ द्या. कालच्या ताज्या वाफ्यावर आज कलम लावलं, तर माती खचते आणि डोळ्याचा जोड (खुंट आणि कलम जुळतात ती जागा) मातीत गाडला जातो.

टप्पा 3: खुंट कोणता, हे विचारून घ्या

आपल्याकडे संत्र्याचं डोळा भरलेलं कलम मुख्यतः जंबेरी किंवा रंगपूर लाइम या खुंटावर मिळतं. जंबेरीवरचं झाड जोमदार वाढतं, घेर मोठा होतो, पण मूळकूज आणि डिंक्या त्याला लवकर गाठतात. रंगपूर लाइम पाण्याचा ताण आणि क्षार अधिक सोसतो. खोल काळ्या जमिनीत जंबेरीवरची झाडं 3 मीटरवर लावणं म्हणजे काही वर्षांनी भिंत उभी करण्यासारखंच आहे.

रोपवाटिकावाला "दोन्ही एकच हो" म्हणाला तर दुसरीकडे जा. कलम पिशवीतून काढून बघा: मुळं पांढरट आणि घट्ट हवीत. बोटांत धरून ओढल्यावर साल सुटून आत नुसता दोरा उरत असेल, तर ते मूळ सडलेलं आहे. डोळ्याचा जोड जमिनीपासून 20 ते 25 सेंटीमीटर वर असावा. खाली भरलेला डोळा पावसाच्या शिंतोड्यांत सापडतो.

टप्पा 4: आता आकडा ठरवा

हेक्टरी झाडं काढायला ओळींतलं अंतर आणि झाडांतलं अंतर (मीटरमध्ये) यांचा गुणाकार करा आणि त्यानं 10,000 ला भागा. पुढच्या आकड्यांत पहिला ओळींतला, दुसरा झाडांतला. बिघ्याचं माप गावागणिक बदलतं, म्हणून हिशेब हेक्टर किंवा एकरातच करा.

- 6 × 6 मीटर: हेक्टरी 277, एकरी 112
- 7 × 5 मीटर: हेक्टरी 285, एकरी 115
- 6 × 4 मीटर: हेक्टरी 416, एकरी 168
- 6 × 3 मीटर: हेक्टरी 555, एकरी 224

यातली दुसरी ओळ नीट बघा. 7 × 5 मध्ये 6 × 6 पेक्षा झाडं कमी होत नाहीत, उलट दोन-चार वाढतातच, आणि दोन ओळींमधली वाट मात्र एक मीटरनं रुंद होते. मोठा ट्रॅक्टर असणाऱ्यांना मी हेच सुचवतो. आपल्याकडे चौरस लागवडीचा आग्रह बैलाच्या आडव्या-उभ्या पाळीसाठी होता. ट्रॅक्टर एकाच दिशेनं चालतो, तेव्हा त्या आग्रहाची गरज राहिलेली नाही.

ओळींतलं अंतर काढायची पद्धत साधी आहे. तुमच्या ट्रॅक्टरची आणि फवारणी यंत्राची रुंदी फितीनं मोजा, दोन्हीपैकी जे जास्त रुंद असेल त्यात दोन्ही बाजूंना एकेक फूट मोकळी जागा मिळवा आणि त्यात पूर्ण वाढलेल्या झाडाचा घेर मिळवा. मध्यम जमिनीत घेर 4 मीटर धरा, खोल काळ्या जमिनीत साडेचार ते पाच. बेरीज 6 च्या वर गेली तर ओळी 6 वर ठेवायच्या नाहीत.

झाडांतल्या अंतराचं असं: जमीन उथळ, निचऱ्याची आणि ठिबकवर असेल, आणि दरवर्षी छाटणी करायची तयारी असेल, तर 4 मीटर चालतं. खोल, भारी जमिनीत 5 ते 6 च बरं. 6 × 3 मध्ये सुरुवातीच्या वर्षांत एकरी फळं जास्त मिळतात, यात शंका नाही, कारण जमीन लवकर भरून निघते. पण संत्र्याचं फळ घेराच्या बाहेरच्या, उजेडातल्या भागावरच येतं. घेर एकमेकांना भिडले की तो उजेडातला भाग कमी होतो आणि फळं फक्त शेंड्याकडे सरकतात.

> सावधान: "आत्ता 3 मीटरवर लावू आणि आठव्या वर्षी एकाआड एक काढू" हा बेत कागदावर छान दिसतो. त्या वर्षी झाडं फळांनी लगडलेली असतात आणि कुऱ्हाड कोणी उचलत नाही. हा बेत करायचाच असेल, तर काढायच्या झाडांच्या खुंट्यांना लागवडीच्या दिवशीच लाल रंग द्या आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

जमीन सखल आणि हवा दमट असेल तर

निमाडात नर्मदेकाठच्या सखल शेतांसाठी किंवा कोकण-दक्षिण गुजरातेत जमीन असणाऱ्या नातलगांसाठी वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. उबदार, दमट सखल भागात झाडाला थंडीची विश्रांती मिळत नाही. ते वर्षभर पालवी काढतं आणि घेर लवकर मिटतो. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येत असेल तर मुळं वरच्या थरातच पसरतात आणि शेजारच्या झाडाशी स्पर्धा आधी सुरू होते. आणि पानं तासन् तास ओली राहतात, म्हणून खवड्या (कँकर), कोळशी, फळकूज हे सगळंच वाढतं.

तिथे वाट रुंद हवी: 7 × 5 किंवा 7 × 6. ओळी पावसाळी वाऱ्याच्या दिशेनं धरल्या तर पानं लवकर सुकतात. गादीवाफे तिथे टाळता येत नाहीत. एक गोष्ट मात्र अंतरानं सुधारत नाही: फळाचा रंग. साल नारिंगी होण्यासाठी रात्री गार लागतात, साधारण 13 अंशांच्या खाली. माळव्यात हिवाळ्यात त्या मिळतात. दमट सखल भागात फळ आतून पिकतं आणि साल हिरवीच राहते. रंग येत नाही म्हणून तिथे झाडं विरळ करण्यात अर्थ नाही.

टप्पा 5: आखणी

कापडी फीत ओढल्यावर ताणते. पोलादी फीत वापरा, किंवा न ताणणाऱ्या तारेवर हव्या त्या अंतरावर रंगीत चिंध्या घट्ट बांधा.

1. टप्पा 2 मध्ये ठरलेल्या ओळींच्या दिशेशी जुळणारा सगळ्यात लांब आणि सरळ बांध निवडा. त्याला समांतर पहिली ओळ निदान 4 मीटर आत धरा. कडेला वाराबंदीची झाडं असतील तर आणखी आत या आणि मधून त्यांची मुळं तोडणारा चर काढा.
2. ओळींच्या दोन्ही टोकांना ट्रॅक्टर वळायला 6 मीटर सोडा.
3. पहिल्या ओळीच्या टोकावर काटकोन काढा: एका बाजूला 9 मीटर, दुसऱ्या बाजूला 12, आणि दोन्ही टोकांमधलं अंतर बरोबर 15. लहान 3-4-5 मीटरच्या त्रिकोणात बोटभर चूक झाली तर शेताच्या टोकाला ती हातभर होते.
4. चारही कडा खुंट्यांनी पक्क्या करा आणि मगच आतल्या खुंट्या ठोका.

> तपासा: पूर्ण चौकोनाचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे आले पाहिजेत. 6 × 6 च्या एका चौकोनाचा कर्ण 8 मीटर 49 सेंटीमीटर येतो. फरक बोटभराहून जास्त आला तर पुन्हा आखा.

आता कलमांची संख्या काढा. 1 एकराचा चौकोनी तुकडा सुमारे 63.6 मीटर बाजूचा असतो. दोन टोकांना 6-6 आणि दोन बाजूंना 4-4 मीटर सोडले, तर 6 × 6 मध्ये 10 ओळी आणि प्रत्येकीत 9 झाडं, म्हणजे 90 बसतात. सूत्रातले 112 बसत नाहीत. आगाऊ पैसे भरणाऱ्यांची उरलेली वीस-बावीस कलमं मग बांधाला, वळणाच्या जागेत आणि विहिरीशेजारी खुपसली जातात. नांगे (मेलेल्या कलमांच्या रिकाम्या जागा) भरण्यासाठी दहा टक्के जास्त घ्या, पण ती पिशवीतच वाढवा.

टप्पा 6: खड्डे आणि लागवड

खड्डा खणताना खुंटी उपटावी लागते आणि कलम खड्ड्यात अंदाजानं लागतं. आखलेली ओळ इथेच नागमोडी होते. यावर जुना, पक्का उपाय म्हणजे लागवडीची फळी: सुमारे 5 फूट लांब, मधोमध एक खाच आणि दोन्ही टोकांना एकेक भोक. मधली खाच खुंटीला लावा, टोकांच्या भोकांतून दोन लहान खुंट्या ठोका, मग मधली उपटून खड्डा खणा. लागवडीच्या वेळी फळी त्याच दोन खुंट्यांवर बसवा. कलमाचं खोड मधल्या खाचेत आलं की जागा बरोबर. फळी नेहमी एकाच दिशेनं धरा.

सपाट, निचऱ्याच्या जमिनीत 75 सेंटीमीटरचा खड्डा घ्या. गादीवाफ्यावर 45 ते 60 पुरतो. चिकण मातीत खोल खड्डा खणून भुसभुशीत मातीनं भरला, तर आजूबाजूचं पाणी त्यातच गोळा होतं. वरची माती आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळून भरा, आणि जमिनीच्या वर अर्धा फूट चढ ठेवा.

लागवड जुलै-ऑगस्टमध्ये करतात. भारी जमिनीत मी मोठ्या झडीचा जोर ओसरण्याची वाट बघतो. चिखलात लावलेल्या कलमाभोवती माती घट्ट बसते आणि नवीन मुळांना बाहेर पडता येत नाही.

टप्पा 7: पहिली पाच वर्षं, मधली जागा

रुंद वाट रिकामी बघवत नाही आणि आंतरपीक घ्यायलाही हवं. खरिपात सोयाबीन, उडीद, मूग चालतात. झाडाच्या घेरापासून एक मीटर जागा मोकळी सोडा. मका, ज्वारी, तूर ही उंच पिकं नकोत. पावसाळ्यात ती वारा अडवतात.

खरी चूक रब्बीत होते. माळव्यात लसूण आणि गव्हाला डिसेंबर-जानेवारीत पाणी द्यावं लागतं. बाग फळावर आली की आंबिया बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्यासाठी) नेमका तेव्हाच पाणी तोडून झाडाला ताण द्यायचा असतो, भारी जमिनीत दीड-दोन महिनेसुद्धा. शेजारच्या वाफ्यात लसणाला पाणी सुरू असेल तर संत्र्याला ताण बसत नाही आणि फुलं तुटकतुटक येतात. बहार धरायला सुरुवात करण्याच्या आदल्या वर्षीच रब्बीचं ओलिताचं आंतरपीक बंद करा.

पाणी आळ्यानं देत असाल तर दुहेरी आळं करा (बुंध्याभोवती कोरडं आतलं वर्तुळ, त्याबाहेर पाण्याचं), म्हणजे बुंध्याला पाणी लागत नाही. ठिबक असेल तर ओळीच्या दोन्ही बाजूंना एकेक लॅटरल (ठिबकची नळी) घाला आणि झाड वाढेल तशी ती बाहेर सरकवा.

टप्पा 8: सहाव्या वर्षापासून दरवर्षी दोन तपासण्या

पहिली, पावसाळ्यात: पाऊस उघडलेल्या सकाळी बागेत जा. बाहेरची पानं सुकल्यावर किती वेळानं आतली सुकतात, ते बघा. बाहेर कोरडं होऊन दुपार झाली तरी आत ओल असेल, तर त्या हिवाळ्यात तोडणी झाल्यावर छाटणी ठरलेली.

दुसरी, उन्हाळ्याच्या तोंडी भर दुपारी: दोन ओळींच्या मधोमध उभे राहा. जमिनीवर उन्हाचा सलग पट्टा दिसला पाहिजे. तुटक ठिपके दिसत असतील तर वाट मिटायला लागली आहे.

छाटणीत पाणसोट (सरळ वर जाणाऱ्या, फळ न देणाऱ्या फांद्या) आणि सल (वाळलेल्या फांद्या) आधी काढा. मग जमिनीला टेकणाऱ्या फांद्या दोन फुटांपर्यंत उचला. पावसाचे शिंतोडे लागून होणारी फळकूज एवढ्यानंच बरीच कमी होते. पावसाळ्याआधी आणि नंतर बुंध्याला बोर्डो मलम लावा: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

बाग आधीच दाट झाली असेल तर

सगळी बाग एका वर्षात मोकळी करू नका. 6 × 3 असेल तर ओळीतलं एकाआड एक झाड काढून 6 × 6 मिळतं. 5 × 5 असेल तर कर्णाच्या दिशेनं एकाआड एक काढा. उरलेल्या झाडांत 7 मीटरचं अंतर येतं, फक्त ओळी तिरप्या होतात आणि ट्रॅक्टरची वाट बदलावी लागते. आधी डिंक्या लागलेली, वठलेली झाडं मोजा. ती पुष्कळ असतील आणि एकाआड एकच्या क्रमात बसत नसतील, तरी तीच काढा, निरोगी झाड क्रमासाठी बळी देऊ नका.

काम तोडणीनंतर, कोरड्या दिवसांत. पावसाळ्यात मोठी फांदी कापायची नाही. कापलेल्या जागी बोर्डो मलम लावा. वर्षानुवर्षं सावलीत राहिलेल्या फांद्या अचानक उघड्या पडल्या की एप्रिल-मेच्या उन्हात त्यांची साल भाजते, म्हणून त्यांना चुन्याचा हात द्या. तोडलेल्या झाडाचा बुडखा मुळांसकट उपटून शेताबाहेर न्या आणि तो खड्डा एक उन्हाळा उघडा तापू द्या. त्या जागी नवीन कलम लावायचा मोह होईल. तिथे लावायचं नाही.